टायपिंगच्या कागदावरचा समुद्र

वॉल्टर अँडरसनची बरीचशी जलरंगचित्रं टाइपरायटरच्या साध्या कागदावर आहेत. साडेआठ बाय अकरा इंच. आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला किंचित जास्त, लांबीला थोडा कमी. जलरंगासाठी याहून वाईट कागद शोधून सापडणार नाही. पाणी लागलं की सुरकुततो, काही वर्षांत पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमीत रीतसर शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. तरीही आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षं तो हाच कागद एका छोट्या होडीत टाकून समुद्रात जात राहिला.

आधी एक कबुली देतो. ही चित्रं मी भिंतीवर पाहिलेली नाहीत. पुस्तकांत पाहिली आणि फोनवर, दोन बोटांनी मोठी करत. एरवी फोनवर चित्र बघून त्यावर लिहिणं मला लबाडीचं वाटतं, कारण आठ फुटी कॅनव्हास तळहातावर येतो तेव्हा तो कॅनव्हास उरतच नाही. अँडरसनच्या बाबतीत ही लबाडी थोडी कमी होते. त्याची चित्रं मुळातच मांडीवर ठेवून काढलेली आहेत, आणि मांडीवर ठेवूनच बघण्याच्या आकाराची आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ओशन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. समोर गल्फ ऑफ मेक्सिको. अँडरसनचा जन्म १९०३चा, न्यू ऑर्लीन्सचा. आई चित्रकार. १९२८मध्ये थोरल्या भावानं, पीटरनं, ओशन स्प्रिंग्जला ‘शिअरवॉटर’ नावाचा कुंभारकामाचा कारखाना काढला. वॉल्टर तिथे भांड्यांवर नक्षी काढायचा, विकायला छोट्या मातीच्या आकृत्या करायचा. पोटापाण्याचं काम एवढंच. किनाऱ्यापासून साधारण बारा मैलांवर हॉर्न आयलंड हे बेट आहे. लांबट, अरुंद, वाळू आणि पाइनची झाडं. चाळिशीच्या दशकाच्या शेवटाकडे अँडरसननं बायको आणि चार मुलांपासून वेगळं राहायला सुरुवात केली. कारखान्याच्या आवारातल्या एका झोपडीवजा घरात तो एकटा राहू लागला, आणि तिथून वल्हवत, वारा असेल तर शीड लावून, हॉर्न आयलंडला जाऊ लागला. तिथे तो दिवसच्या दिवस राही, कधी आठवडे. रात्री होडी उलटी करायची आणि तिच्याखाली झोपायचं.

आता दंतकथेकडे. तिच्यापासून सुटका नाही.

सप्टेंबर १९६५मध्ये बेट्सी नावाचं मोठं चक्रीवादळ आलं तेव्हा अँडरसन बेटावरच होता. वादळ अंगावर घेता यावं म्हणून त्यानं स्वतःला झाडाला बांधून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. त्याआधी, तिशीत, मनाचा तोल गेल्यामुळे तो काही वर्षं इस्पितळांत होता. तिथल्या एका इस्पितळाच्या खिडकीतून चादरी बांधून तो खाली उतरला आणि जाता जाता विटांच्या भिंतीवर साबणानं उडते पक्षी काढून गेला, अशीही गोष्ट आहे. गोष्टी छान आहेत. पण त्याच्यावरचा कुठलाही लेख उघडा, सुरुवात झाडापासून किंवा चादरीपासून होते आणि चित्रांपर्यंत पोचेस्तोवर लेखकाचा दम संपलेला असतो. ‘वेडा कलावंत’ हा साचा आपल्याला इतका आवडतो की त्यात माणूस बसवला की चित्र बघायची गरज उरत नाही. त्यातून त्याला ‘स्वयंभू’, ‘लोककलावंत’ वगैरे म्हणणं सोपं होतं. ते साफ चूक आहे. हा माणूस अकॅडमीत चार वर्षं शिकला, शिष्यवृत्तीवर युरोपात गेला, फ्रान्समधल्या गुहांमधली आदिम चित्रं बघून आला. त्यानं ठरवून एक पद्धत घेतली आणि ती आयुष्यभर वापरली.

ती पद्धत आडोल्फो बेस्ट मोगार्ड या मेक्सिकन चित्रकाराची. १९२६मध्ये त्याचं चित्रकला शिकवणारं पुस्तक इंग्रजीत आलं. त्याचं म्हणणं असं की मेक्सिकोच्या प्राचीन कलेतले सगळे आकार सात मूळ खुणांमधून तयार होतात: मळसूत्री वळसा, वर्तुळ, अर्धवर्तुळ, इंग्रजी ‘एस’सारखी वेलांटी, लाटेची रेघ, नागमोडी कोनांची रेघ आणि सरळ रेघ. वाचताना हे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं वाटतं. आपण रांगोळीतही एवढंच तर करतो. पण अँडरसनचा एखादा खेकडा समोर घ्या. पाठीच्या कवचाची कड हे अर्धवर्तुळ. नांग्यांच्या सांध्यांवर वेलांट्या. पायाखालच्या पाण्यात त्याच वेलांट्या, फक्त सैल झालेल्या. वाळूवर लाटेची रेघ, आणि तीच रेघ गवताच्या पात्यात उभी राहिलेली. खेकडा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, हे सांगायला तुम्हाला क्षणभर थांबावं लागतं.

मला वाटतं त्याचं मोठेपण या क्षणभरात आहे. निसर्गचित्रात साधारणपणे एक नायक असतो, मागे पार्श्वभूमी असते. पक्ष्यांच्या सचित्र पुस्तकांत तर पार्श्वभूमी पांढरीच सोडतात. अँडरसन पार्श्वभूमी नावाची गोष्टच ठेवत नाही. पक्षी, त्याच्यामागचं गवत, गवतामधली मोकळी जागा, तिघांना सारखंच वजन. रंग पट्ट्यापट्ट्यांनी येतो: जांभळ्याशेजारी पिवळा, निळ्याशेजारी नारिंगी, आणि मधे कोऱ्या कागदाची बारीक फट. त्या फटीतून उजेड येतो. ही युक्ती ओल्यावर ओला रंग सोडणाऱ्या धुक्याच्या समुद्रचित्रांत जमत नाही. त्याचा समुद्र धूसर नाही. दुपारी बाराच्या उन्हातला, डोळे बारीक करायला लावणारा समुद्र आहे.

सगळी चित्रं या तोलाची नाहीत, हेही सांगायला हवं. पद्धत कधीकधी हातावर स्वार होते. मग पानं, पिसं, लाटा सगळं एकाच ठशातून काढल्यासारखं दिसतं, जणू कापडाचा नमुना. त्याच्या मोठ्या लिनोकट छापांमध्ये हे जास्त जाणवतं. चाळीसच्या दशकात त्यानं ते वॉलपेपरच्या कागदावर छापले, सामान्य माणसाला परवडावीत अशी मोठी चित्रं द्यायची म्हणून. हेतू सुंदर आणि काही छापही सुंदर. पण मला त्यांत बेटावरचा वारा लागत नाही. बेटावर घाईनं काढलेल्या कागदांत तो लागतो. तिथे पद्धत आणि माशी, वाळू, ऊन, भूक यांची झटापट चालू असते.

आता ज्या शब्दामुळे हल्ली अँडरसनचं नाव तरुणांपर्यंत पोचतं, तो शब्द: संवर्धन. किनारा वाचवणारा चित्रकार. समुद्र, प्लास्टिक, कासव अशा पोस्ट्सच्या रांगेत त्याचा एखादा पेलिकन येतो, खाली हिरवं हृदय. मला हे थोडं खटकतं. अँडरसननं मोर्चा काढला नाही, अर्ज लिहिला नाही, संस्था काढली नाही. बेटावरच्या वह्यांमध्ये तो जे लिहितो त्याचा सूर वेगळाच आहे. त्याची धारणा अशी की निसर्गातली वस्तू माणसानं पूर्ण लक्ष देऊन पाहिली की ती पुरी होते. निसर्ग आणि कला एकमेकांना पूर्ण करतात. यात भक्ती आहे आणि बराच अहंकारही आहे. पेलिकनला पुरं व्हायला चित्रकार लागत नाही.

आणि पेलिकनचंच बघा. लुइझियानाच्या हद्दीत शांडेलर नावाची बेटांची माळ आहे. तिथल्या नॉर्थ की या बेटावर तपकिरी पेलिकनची मोठी वसाहत होती. अँडरसन तिथे जाऊन मुक्काम करायचा: घरटी, अंडी, लोळागोळा दिसणारी उघडी पिल्लं, चोचीखालच्या पिशवीत डोकं घालून खाणारी पिल्लं. हे कागद गोंडस अजिबात नाहीत. पिल्लू कुरूप आहे, घाण आहे, वास येईल असं आहे, आणि त्याच्या मानेची वेलांटी डौलदार आहे. दोन्ही एकाच रेघेत. आजचा कुठलाही पक्षी-अभ्यासक घरट्यांच्या इतक्या जवळ तंबू टाकू देणार नाही. मोठे पक्षी उडाले की अंडी उन्हात उघडी पडतात. प्रेम करणारा माणूससुद्धा वसाहतीला त्रासच असतो, हे चित्रकाराच्या कौतुकात विसरलं जातं.

पण खरा घाला दुसरीकडून आला. डीडीटी आणि एन्ड्रिन ही कीटकनाशकं नद्यांतून गल्फमध्ये उतरली, माशांत गेली, माशांतून पेलिकनमध्ये. डीडीटीमुळे अंड्यांचं कवच इतकं पातळ होतं की उबवायला बसलेल्या आईच्या वजनानंच अंडं फुटतं. लुइझियानाचा हा राज्यपक्षी, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लुइझियानातून तो संपला. १९६२मध्ये रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. १९७०मध्ये तपकिरी पेलिकन संकटग्रस्तांच्या यादीत गेला, १९७२मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, फ्लोरिडातून पिल्लं आणून लुइझियानात सोडली गेली, आणि २००९मध्ये पक्षी यादीतून बाहेर आला. या साखळीत अँडरसनचा एकही कागद नाही. कायदा होता, प्रयोगशाळा होती, एक पुस्तक होतं, सरकारी खात्यांची चिकाटी होती.

मग त्याच्या चित्रांचं काय करायचं? मी त्यांना साक्ष म्हणेन. ‘पक्षी वाचवा’ म्हणणारं चित्र पक्ष्याला आधीच बिचारा करून टाकतं. अँडरसनचा पेलिकन बिचारा नाही. त्याला आपल्या दयेची गरज आहे असं चित्रात कुठेही दिसत नाही. म्हणूनच, तो लवकरच नाहीसा होणार होता हे कळल्यावर चित्र पुन्हा बघवत नाही.

बेटाचीही तीच गोष्ट. ‘अस्पर्श बेट’ हे हॉर्न आयलंडच्या वर्णनातलं ठरलेलं विशेषण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं याच बेटावर जैविक अस्त्रांचं चाचणी केंद्र उभारलं होतं. अँडरसन तिथे नियमित जाऊ लागला तेव्हा त्याला जेमतेम काही वर्षं झाली होती. शिवाय हे बेट जागेवर राहत नाही. किनाऱ्यालगतच्या प्रवाहानं या सगळ्या बेटांची वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते, आणि जहाजांसाठी खणलेल्या खोल खाड्या ती वाळू गिळतात. १९७१मध्ये हे बेट राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्यात आलं, पण कुंपण घालून वाळू थांबत नाही. अँडरसन ज्या टेकाडावर बसला ते टेकाड आज त्या जागी असेलच असं नाही. त्याच्याही हे लक्षात आलं असणार. एरवी एकाच किनाऱ्याची इतकी चित्रं कोण काढेल?

या सगळ्यात एक माणूस कोपऱ्यात उभा आहे. अ‍ॅग्नेस, त्याची बायको. तो बेटावर असताना चार मुलं तिनं वाढवली, शाळेत शिकवून घर चालवलं. आपल्याकडे तुकोबांच्या गोष्टीत डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आवली असते, आणि कीर्तनात तिला बहुतेक वेळा कजाग करून हसं मिळवलं जातं. अ‍ॅग्नेसनं स्वतःच लिहिलं: ‘अप्रोचिंग द मॅजिक अवर’ हे तिचं आठवणींचं पुस्तक. अँडरसनवर एकच पुस्तक वाचणार असाल तर चित्रांच्या अल्बमआधी हे वाचा. बेटावरच्या एकांताची किंमत कुणी भरली, हे त्यात कुरकुर न करता येतं. ते वाचून मला चित्रं कमी आवडली नाहीत. पण उलट्या होडीखाली झोपलेला माणूस पूर्वीइतका मोकळा दिसेनासा झाला.

१९६५च्या नोव्हेंबरात फुप्फुसाच्या कर्करोगानं तो गेला. त्याच्या घरातली एक खोली कायम कुलूपबंद असे. ती त्याच्या मृत्यूनंतर अ‍ॅग्नेसनं उघडली. चारही भिंती आणि छत रंगवलेलं: किनाऱ्यावरचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, पक्षी, प्राणी, झाडं, आणि छतावर एक प्रचंड झिनियाचं फूल. बायकोला, मुलांना, कुणालाच न दाखवलेला दिवस. आता ती खोली ओशन स्प्रिंग्जच्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या शेजारी गावाचं समाजमंदिर आहे. तिथल्या भिंती त्यानं १९५१मध्ये एक डॉलर मानधनावर रंगवल्या. गावाला त्या आवडल्या नाहीत, वरून चुना मारावा अशी भाषाही झाली. उघड्यावर काढलं ते कुणी बघितलं नाही आणि बंद खोलीत काढलं ते बघायला आता तिकीट काढून लोक जातात.

२९ ऑगस्ट २००५ला कतरिना वादळ आलं. समुद्र शिअरवॉटरच्या आवारात घुसला, इमारती गेल्या. कुटुंबानं चित्रं जपायला खास बांधलेल्या खोलीतही पाणी शिरलं, आणि हजारो कागद भिजले. नंतर कितीतरी दिवस ते एकेक सोडवणं, वाळवणं चालू होतं. टाइपरायटरचा कागद, जलरंग, वर खारं पाणी. काही वाचले. काहींवरचा रंग शेजारच्या कागदावर उतरला.