नळ कुणी उघडला?

वर्गातलं एखादं मूल हळूहळू गप्प होत जातं. पालकसभेला घरचं कुणी येत नाही. विचारलं तर ‘आई आजारी आहे’ एवढंच कळतं. कोणता आजार ते मूल सांगत नाही, कारण घरात त्याचं नावच कुणी घेत नाही. अशा एका घराच्या आत नेणारी कादंबरी आम्ही नुकतीच पुन्हा वाचली. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२). शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे.

माहीमच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहणारं, मूळचं गोव्याचं कुटुंब. आई एम, वडील हूमराव, मुलगी सुझन आणि गोष्ट सांगणारा मुलगा. एमला कधी उन्माद चढतो, कधी ती खोल नैराश्यात बुडते, जीव द्यायचा प्रयत्न करते. जे.जे. रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात मुलगा तिच्याशी बोलत बसतो, तिची जुनी पत्रं आणि टिपणं जुळवतो. आजाराआधीची आई कोण होती, हे त्याला शोधायचं आहे. पुरावे गोळा करायची ही रीत आपल्या विज्ञानाच्या तासाला शोभावी अशी, फक्त शेवटी सूत्र हाती लागत नाही.

एक जागा मात्र मनातून जात नाही. तुझ्या जन्मानंतर कुणीतरी आत नळ उघडला, अशा अर्थाचं आई मुलाला सांगते. तिचं निरीक्षण खोटं नाही. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजाराच्या दृष्टीने खरोखरच धोक्याचे असतात. संप्रेरकं झपाट्याने बदलतात, झोप मोडते, आणि मुळात कल असेल तर पहिला झटका तेव्हा येऊ शकतो. पण ‘माझ्यानंतर’चं ‘माझ्यामुळे’ करायला मुलाला कितीसा वेळ लागतो? हा फरक आपण प्रयोगवहीत शिकवतो. घरात तो कोण शिकवणार?

दुसरी भीती, आपल्यालाही हे होईल ही. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, एरवी १ ते २ टक्के. म्हणजे दहांतल्या निदान नऊ मुलांना तो होत नाही. कादंबरीची ताकद आकड्यांत नाही, भीतीत आहे. आणि आकडा सांगितल्यावरही ती का उरते, हे इथे समजतं.

तक्रारीही आहेत. एम इतकी हजरजबाबी आहे की आजार हीच तिच्या बुद्धीची देणगी वाटू लागते. हूमराव फारच भक्कम; तो दमतो कधी? सुझन तर मागेच राहते. अशा घरात मुलगी काय काय उचलते, ते वाचायला आम्हाला आवडलं असतं.

पुस्तक मुलांच्या हाती द्यावं का? भाषा मोकळी आहे, आत्महत्येचे प्रसंग थेट आहेत. आधी आपण वाचावं, हे बरं. आमच्यातल्या एका बाईंनी ते वाचलं, आणि यंदा निबंधाच्या तासाला फळ्यावर ‘माझी आई’ लिहून झाल्यावर खाली आणखी दोन विषय लिहिले.