शब्द तेच, अर्थ निराळे : बुद्धकालीन कादंबरीच्या भाषेविषयी

शिवकालावर कादंबरी लिहू इच्छिणारा मराठी लेखक निदान बखरी तरी चाळतो. पागा, सरंजाम, वतन, मुलूख या शब्दांना त्या काळी कोणता अर्थ होता हे त्याने पाहिले नाही, तर त्याला जाब विचारणारे वाचक महाराष्ट्रात गावोगावी आहेत. बुद्धकालावर लिहिणाऱ्या लेखकाला असा धाक वाटत नाही. या काळाची भाषा आपल्याला अवगत आहेच, असे तो गृहीत धरून चालतो. राजा, प्रासाद, विहार, भिक्षा, वेदना, संघ हे सर्व शब्द आजच्या मराठीत नांदत आहेत. मग कोश उघडण्याचे कारण काय? परका शब्द आला म्हणजे लेखक थांबतो. ओळखीचा शब्द त्याला थांबवीत नाही. आमच्या मते बुद्धकालीन कथा-कादंबऱ्यांतील अधिक गंभीर प्रमाद या ओळखीच्या शब्दांतूनच उद्भवतात, आणि त्यांनी बिघडतो तो इतिहास आपला आहे. म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांपुढे हा विषय मांडीत आहोत.

प्रथम 'राजा' हा शब्द घेऊ. शुद्धोदन राजा म्हटले की मराठी लेखकाच्या डोळ्यांसमोर सिंहासन, छत्रचामरे, भालदार-चोपदार आणि युवराजाच्या राज्याभिषेकाची चिंता उभी राहते. त्रिपिटकाच्या जुन्या भागांत हे चित्र आढळत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात, राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदन तथागतांकडे येतात आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती करतात. त्या प्रसंगी त्यांचा उल्लेख केवळ 'सक्क', म्हणजे शाक्य, असा आहे. दीघनिकायातील महापदान सुत्तात त्यांना राजा म्हटले आहे, हेही खरे. परंतु चुल्लवग्गात भद्दियालाही शाक्यांचा राजा म्हटले आहे, आणि हा भद्दिय अनुरुद्ध, आनंद व उपाली यांच्याबरोबर प्रव्रजित होतो. एकपण्ण जातकाची अट्ठकथा तर एकट्या वैशालीत 7707 राजे असल्याचे सांगते. संख्या अतिशयोक्त असेल, पण शब्दाचा उपयोग बोलका आहे. गणराज्यात 'राजा' ही संज्ञा शासनाचा अधिकार असलेल्या कुलप्रमुखाला लागत असे. त्याची सत्ता संथागारात बसून चालत असे, आणि तेथे तो अनेकांपैकी एक होता.

मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात याचे एक छोटेसे पण मोलाचे प्रमाण आहे. आपले शाक्य पिता 'कम्मन्ता'वर, म्हणजे कामावर, असताना आपण जांभळीच्या छायेत बसलो होतो आणि तेथे आपणास प्रथम ध्यान लाभले, असे तथागत सांगतात. एवढेच. शेकडो वर्षांनी निदानकथेने या साध्या कामाचा वप्पमंगल उत्सव केला आणि शुद्धोदनाच्या हाती सोन्याचा नांगर दिला. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तर शुद्धोदन पूर्ण सम्राटाच्या थाटात वावरतात. तेव्हा 'राजा' शब्दाचा अर्थ पालटला तो परकीयांच्या हातून नव्हे. आपल्याच ग्रंथकारांनी, राजेशाहीच्या काळात, आपल्या डोळ्यांसमोरील राजा मागे नेऊन बसविला. आजचा कादंबरीकार त्यांच्याच पावलावर पाऊल टाकतो.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. धर्मानंद कोसंबी यांनी शुद्धोदन महाराजा नव्हते हे साधार दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात शाक्यांचा संघ, रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि संघाच्या बहुमतापुढे उभा राहिलेला सिद्धार्थ हे चित्र मांडले. गृहत्यागाची ही मीमांसा राजाला 'पाळीने येणारा प्रमुख' मानल्यावाचून समजूच शकत नाही. कादंबरीत सर्वसत्ताधीश महाराज शुद्धोदन एकदा सिंहासनावर बसले की संघाला काही काम उरत नाही. युद्ध करावे की करू नये, हे महाराज ठरवतील! एका शब्दाचा आजचा अर्थ स्वीकारल्याने सभा जाते, मतभेद जातो आणि शेवटी गृहत्यागाचे कारणही जाते. मग लेखकाला ती मध्यरात्र, झोपलेल्या नर्तकी आणि कंथक घोडा यांच्याकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

'विहार' या शब्दाची कथा अधिक रंजक आहे. आज विहार म्हणजे वस्तीतील ती वास्तू, जेथे आपण वंदनेसाठी जमतो, मुले अभ्यास करतात, सभा भरतात. इतिहासाच्या पुस्तकांतील विहार म्हणजे नालंदेसारखा विशाल मठ. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात मात्र असे येते की, राजगृहाच्या सेट्ठीने एका दिवसात 60 विहार उभारले. हे वाक्य आजच्या अर्थाने मराठीत उतरविले तर वाचक हसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चमत्कार समजून हात जोडील. वस्तुतः त्यात नवल काही नाही. तेथे विहार म्हणजे भिक्खूच्या निवासाची साधी कुटी. तोवर भिक्खू रानात, झाडाखाली, डोंगरकपारीत राहत. सकाळी त्यांना तेथून बाहेर पडताना सेट्ठीने पाहिले आणि निवारा करून देण्याची अनुज्ञा मागितली. 60 कुट्या एका दिवसात उभ्या करणे धनिकाला सहज शक्य होते.

त्याच ठिकाणी तथागतांनी पाच प्रकारच्या 'लेणां'ची अनुज्ञा दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. 'लेण' म्हणजे आश्रयस्थान, निवारा. गुहा हा त्याच्या पाच प्रकारांपैकी केवळ एक. नाशिक येथील शिलालेखांत हाच शब्द खोदलेला आहे आणि आपल्या मराठीने तो 'लेणे' या रूपाने जपला, पण कोरीव गुहा एवढाच अर्थ ठेवून. उरलेले चार निवारे लाकूडमातीचे होते. ते काळाच्या ओघात नष्ट झाले, आणि वस्तूबरोबर अर्थही गेला. 'पासाद' हादेखील या पाचांत आहे, म्हणजे भिक्खूला त्यात राहण्याची मुभा होती. तेव्हा सिद्धार्थाच्या तीन ऋतूंच्या तीन पासादांचे वर्णन करताना संगमरवरी महाल उभारणाऱ्या लेखकाने आधी हा खंधक वाचावा. मजल्याचे, ऐसपैस घर एवढा अर्थ पुरेसा आहे.

काही शब्दांविषयी थोडक्यात सांगता येईल. पालीतील 'वेदना' सुखाचीही असते, दुःखाचीही आणि दोन्ही नसलेलीही. मराठीत केवळ दुखणे उरले. संवादात भिक्खूच्या तोंडी 'सुखद वेदना' घातली तर वाचक बुचकळ्यात पडेल. तेथे 'अनुभव' म्हणणेच बरे. 'विञ्ञाण' म्हणजे जाणीव. त्यावरून धम्म विज्ञाननिष्ठ असल्याचे सिद्ध करण्याचा मोह आमच्या काही वक्त्यांना होतो. धम्माच्या विवेकनिष्ठेला कालामांना केलेला उपदेश पुरेसा आहे. तिला शब्दसाम्याचा टेकू नको. 'भिक्षा' या एका शब्दाच्या कुळातून मराठीत भिकारीही निपजला आणि पौरोहित्य करणारा भिक्षुकही. यांपैकी एकाचीही छाया पडू नये म्हणून आपल्या समाजाने 'भिक्खू' हे पाली रूप स्वीकारले, ते सर्वथा योग्य झाले.

अर्थ आपोआप बदलतात, हे भाषाशास्त्राचे सामान्य विधान आहे. तथापि प्रत्येक बदल निष्पाप असतोच असे नाही. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे धर्मपंथ. राजा सर्व पासंडांचा सन्मान करतो आणि दुसऱ्याच्या पासंडाची अकारण निंदा करू नये असे बजावतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मात्र पाषंडींशी सौजन्याने बोलण्यासही मनाई आहे. मराठीला 'पाखंडी' हा शब्द मिळाला तो या दुसऱ्या अर्थाने. 'देवानांपिय' या अशोकाच्या बिरुदाचेही तसेच. पतंजलीच्या महाभाष्यात तो आदराच्या संबोधनांत मोडतो. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत त्याचा अर्थ मूर्ख असा दिलेला आहे. मौर्यकालीन पात्राच्या तोंडी 'पाखंडी' ही शिवी घालणारा लेखक, नकळत का होईना, त्या पात्राला त्याच्या विरोधकांची भाषा बोलायला लावतो.

परंतु येथेच एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. 'थेरडा' हा शब्द थेरांच्या द्वेषातून निर्माण झाला, असे आमच्याकडील अनेक व्याख्यानांत ठामपणे सांगितले जाते व आता ते कथांतही उतरू लागले आहे. 'थेर' हा 'स्थविर'चा अपभ्रंश असून वृद्ध हाच त्याचा मूळ अर्थ आहे. जैनांच्या प्राकृतातही तो आहे. त्याला तुच्छतेचा 'डा' लागणे हे 'म्हातारडा' या शब्दाइतकेच स्वाभाविक होय. येथे द्वेषाची कल्पना करण्यास प्रमाण नाही. 'पासंड' शब्दाच्या बाबतीत शिलालेख आणि स्मृती असे दोन्ही टप्पे आपण दाखवू शकतो. 'थेरडा'च्या बाबतीत तसे काही दाखविता येत नाही. असे कच्चे दाखले पुढे केले की प्रतिपक्ष तेवढेच खोडून काढतो आणि पक्के दाखलेही संशयास्पद ठरवतो.

मग लेखकाने करावे काय? पानोपानी पाली शब्द पेरणे आणि तळाशी अर्थ देणे हा उपाय नव्हे. त्याने कादंबरीचा पाठ्यग्रंथ होतो. निवेदन आजच्या मराठीत असावे; 'राजा' शब्द अवश्य वापरावा, पण त्या राजाला संथागारात इतरांच्या रांगेत बसवावे आणि सकाळी शेतावर पाठवावे. अर्थ प्रसंगाने कळतो, टीपेने नव्हे. संवादांत मात्र संबोधने अचूक हवीत, कारण त्या काळी माणसाचे स्थान संबोधनावरून कळत असे. आज आपण 'भन्ते आले', 'भन्तेंनी देसना दिली' असे म्हणतो. मूळचे संबोधन आपल्या बोलण्यात नाम झाले आहे. हा बदल आमच्या पिढीच्या देखत झाला व त्यात वावगे काही नाही. पण बुद्धकालीन कादंबरीत सर्व भिक्खू एकमेकांना 'भन्ते' म्हणताना दिसतात, ते चूक आहे. तथागतांच्या हयातीत भिक्खू परस्परांना 'आवुसो' म्हणत. कनिष्ठाने ज्येष्ठाला 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे, हा दंडक महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांनी अखेरच्या समयी घालून दिला.

या दोन शब्दांत केवढे नाट्य सामावू शकते, हे महावग्गातील इसिपतनाच्या प्रसंगात पाहावे. जुने सोबती असलेले पाच परिव्राजक तथागतांना दुरून येताना पाहतात, उठून उभे राहायचे नाही असे ठरवतात, आणि तरीही उठतात. एक पात्र घेतो, एक आसन मांडतो. पण त्यांच्या तोंडी संबोधन मात्र जुनेच असते : नाव आणि 'आवुसो'. असे संबोधू नका, असे तथागत त्यांना सांगतात. पुढे देसना होते. कोण्डञ्ञाला धम्मचक्षू लाभतो आणि तो प्रव्रज्या मागतो, तेव्हा त्याच्या विनंतीत 'भन्ते' हा शब्द आलेला असतो.