वगळलेला ऑस्ट्रेलिया : गायक-गीतकार रॉड्रिगेझच्या चरित्राची फेरतपासणी

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात मी सिक्स्टो रॉड्रिगेझ या अमेरिकन रॉक गायक-गीतकारावर व्याख्यान दिले. डेट्रॉइटचा एक गरीब गायक दोन अल्बम काढतो, दोन्ही पडतात, तो मजुरीला लागतो. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी पोहोचतात, पण गायक मेला अशी तिथे वदंता असते. अखेर पाव शतकाने चाहते त्याला जिवंत शोधून काढतात. श्रोते रंगून गेले होते. शेवटी मागच्या बाकावरचे एक निवृत्त खलाशी उठले आणि म्हणाले, "छान सांगितलंत. पण १९७९ साली आमची बोट सिडनीला लागली होती, तेव्हा याचे कार्यक्रम लागले होते तिथे. पोस्टरं पाहिलीत मी. मग हा हरवला होता कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझे सगळे भांडवल मलिक बेन्जेलूल यांचा 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा २०१२ सालचा माहितीपट एवढेच होते आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा उल्लेख नाही. शोधनिबंध लिहिण्याचे रीतसर शिक्षण मला नाही. पण एकाच साधनावर विसंबू नये, हे कळायला पदवी लागत नाही. हा लेख म्हणजे त्या व्याख्यानाची दुरुस्ती आहे.

आधी निर्विवाद तपशील. रॉड्रिगेझचा जन्म १० जुलै १९४२ रोजी डेट्रॉइटमध्ये, मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबात झाला. सहावे अपत्य म्हणून नाव सिक्स्टो. माइक थिओडोर आणि डेनिस कॉफी या निर्मात्यांनी त्याला शहरातल्या एका बारमध्ये गाताना ऐकले आणि १९७० मध्ये ससेक्स कंपनीने 'कोल्ड फॅक्ट' प्रसिद्ध केला. दुसरा अल्बम 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी' लंडनमध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९७१ मध्ये आला. अमेरिकेत दोन्ही खपले नाहीत. कंपनीने करार संपवला आणि १९७५ मध्ये ती स्वतःही बुडाली. रॉड्रिगेझ जुनी घरे पाडण्याची, डागडुजीची कामे करू लागला.

माहितीपट इथून थेट दक्षिण आफ्रिकेत जातो. वगळलेला भाग असा : सत्तरच्या दशकात त्याच्या तबकड्या ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय झाल्या. तिथल्या एका कंपनीने त्या नव्याने बाजारात आणल्या. १९७९ मध्ये त्याने तिथे दौरा केला. त्या मैफलींचे ध्वनिमुद्रण 'अलाइव्ह' या नावाने १९८१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी 'मिडनाइट ऑइल' या बँडबरोबर त्याचा दुसरा दौरा झाला. 'अलाइव्ह', म्हणजे जिवंत, हे नाव त्याच्या मृत्यूच्या अफवांना उद्देशूनच होते. म्हणजे १९९८ च्या मार्चमध्ये तो केपटाउनच्या रंगमंचावर आला, तेव्हा भरल्या सभागृहापुढे गाण्याची त्याची ती पहिली वेळ नव्हती.

माहितीपटकाराच्या बाजूने एवढे म्हणता येईल की दक्षिण आफ्रिकेतील चाहत्यांना यातले खरोखर काही ठाऊक नव्हते. वर्णद्वेषी राजवटीमुळे देश जगापासून तुटला होता, दूरचित्रवाणीसुद्धा तिथे १९७६ मध्ये आली. कुणी म्हणे त्याने रंगमंचावर स्वतःला पेटवून घेतले, कुणी म्हणे गोळी झाडून घेतली. पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू स्ट्रायडम यांनी गाण्यांतील गावांची नावे तपासली आणि 'इनर सिटी ब्लूज'मधल्या डिअरबॉर्न या नावावरून ते डेट्रॉइटपर्यंत पोहोचले. गीत हेच साधन मानून केलेले हे संशोधन माझ्यासारख्याला शिकवणारे आहे. पण चाहत्यांचे अज्ञान दाखवणे वेगळे आणि प्रेक्षकालाही त्याच अज्ञानात ठेवणे वेगळे.

शिवाय पडद्यावर ज्यांना 'दक्षिण आफ्रिका' म्हटले आहे, ते बहुतांशी तिथले गोरे तरुण आहेत. सक्तीच्या लष्करी नोकरीला आणि घरच्या, चर्चच्या शिस्तीला कंटाळलेल्या त्या पिढीला ही गाणी आपली वाटली, हे खरेच आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांपर्यंत ती पोहोचली का, हा प्रश्न माहितीपट विचारत नाही.

या वगळण्याने गायकाचे काय नुकसान झाले? तो आख्यायिकेतला नायक झाला. अशा नायकाने काही करायचे नसते, फक्त सापडायचे असते. मधली वर्षे मग अंधारातली ठरतात आणि त्याची गाणीही आपण 'उपेक्षिताची हाक' म्हणून ऐकू लागतो.

मी ती पुन्हा ऐकली, या वेळी गोष्ट बाजूला ठेवून. 'एस्टॅब्लिशमेंट ब्लूज'मध्ये महापौर, गुन्हेगारी, न उचललेला कचरा अशा नोंदी वर्तमानपत्राच्या मथळ्यांसारख्या एकामागून एक येतात. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे गमावलेल्या शहराचे हे गाणे आहे. डिलनशी त्याची तुलना नेहमी होते, ती मला अर्धीच पटते. डिलनचा आवाज खरखरीत आहे, समोरच्याला डिवचणारा. रॉड्रिगेझचा स्वर मऊ, उच्चार स्वच्छ. तक्रार करतानाही तो आवाज चढवत नाही. हा उपेक्षिताचा नव्हे, नागरिकाचा सूर आहे.

पुढचे आयुष्य त्या सुराशी जुळते. १९८१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या दौऱ्याच्याच वर्षी, त्याने वेन स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. डेट्रॉइटच्या नगर परिषदेपासून महापौरपदापर्यंतच्या निवडणुका लढवल्या आणि हरला. ज्या कारभारावर गाणे लिहिले, तो सुधारायला स्वतः उभा राहिला. ऑस्ट्रेलियात टाळ्या घेऊन आल्यावर हा माणूस पुन्हा हातोडा घेऊन कामाला गेला, हे कळले की त्याच्या शांतपणाचा अर्थ बदलतो. प्रसिद्धी म्हणजे काय हे त्याने अनुभवले होते आणि तिच्यावाचून जगणेही त्याला जमले होते. प्रसिद्धीची चवच न चाखलेल्या माणसाच्या शांतपणापेक्षा हा शांतपणा मला मोठा वाटतो.

२०१३ मध्ये माहितीपटाला ऑस्कर मिळाले. रॉड्रिगेझ त्या समारंभाला गेला नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचे निधन झाले.

माहितीपटाचे ऋण मी नाकारत नाही. त्याच्यामुळेच वृद्धापकाळी त्याला जगभर श्रोते मिळाले आणि मलाही तो त्यातूनच भेटला. तरीही मागच्या वर्षी त्याच वाचनालयात मी हे व्याख्यान दुरुस्त करून पुन्हा दिले. पहिल्याइतके ते रंगले नाही. मेलेला माणूस परत येण्याची गोष्ट हातची गेली होती. उरला होता एक कष्टकरी, शिकलेला, निवडणुका हरलेला आणि चांगली गाणी लिहिणारा माणूस. खलाशी काका या वेळी पहिल्या रांगेत होते. त्यांनी एवढेच विचारले, "आता एखादं गाणं ऐकवता का?" पहिल्या व्याख्यानात मी एकही गाणे ऐकवले नव्हते, हे मला तेव्हा आठवले.