विहारयात्रा, धर्मयात्रा आणि तुमची फील्ड व्हिजिट

सिनॉप्सिसमध्ये 'क्षेत्रभेट' हा शब्द आपण सहज टाकतो. कुठे जाणार, किती दिवस राहणार, एवढं लिहिलं की झालं. जायचं कसं, हे मेथडॉलॉजीच्या प्रकरणात क्वचितच असतं. अशोकाने मात्र त्यावर लिहिलंय. म्हणून सोपाऱ्याचे दोन लेख नीट वाचा. कौतुकाने नको, टीकाकाराच्या नजरेने.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. त्याच वर्षी जवळच आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात सापडला; तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दोन्ही तुकडेच, त्यामुळे सलग पाठ गिरनारसारख्या ठिकाणांहून घ्यावा लागतो.

आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौज. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेला आणि धर्मयात्रा सुरू झाली. तीत काय काय, तर ब्राह्मण-श्रमणांची भेट, वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट. यादीत वास्तू नाहीत, माणसं आहेत! हे मला फार मोलाचं वाटतं. पण लोक भेटल्यावर करायचं काय? आधी अनुशासन, मग परिपृच्छा. उपदेश अगोदर, विचारपूस नंतर. हा क्रमच मला खटकतो.

भुईगावच्या लेखात ते आणखी उघडं पडतं. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक मंगलविधी करतात. त्यांतले बायकांचे विधी तो क्षुद्र, निरर्थक ठरवतो. नोकर-दासांशी नीट वागा हा त्याचा पर्याय उत्तमच. पण त्या बायका नेमकं काय करत होत्या, का करत होत्या, यावर चकार शब्द नाही. आपले कितीतरी प्रबंध 'अंधश्रद्धा' लिहून असेच पुढे सरकतात.

आता हवाईतलं हेइयाचं मत्स्यतळं बघा. समुद्राच्या पाण्यात दगडी बांध घालून केलेलं, सुमारे ८०० वर्षांचं. २००१ पासून तिथले लोकच संस्था काढून ते सांभाळतात. पाहुण्यालाही कामाला लावतात: बाहेरून आलेली खारफुटी उपटायची, बांधाला दगड वाहायचे. (आपल्याकडे खारफुटीला हात लावलात तर गुन्हा. बाहेरची पद्धत जशीच्या तशी उचलू नका ती यासाठी!)

भुईगावात तो शिलालेख आता नाही. किनारा आहे, सुरूची झाडं आहेत, वाड्या आहेत, लोक आहेत. रील काढून 'अशोकाचं गाव' लिहिलंत तर ती विहारयात्राच. पहिल्या दिवशी रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. वहीत तुमचे प्रश्न नकोत, लोकांनी तुम्हाला विचारलेले लिहा: तुम्ही कुठले, हे कशाला पाहिजे, लिहून झाल्यावर आम्हाला दाखवणार का?