जीएमपीएलएस: एक भाषा, पण शब्दांचे अर्थ शेजाऱ्यापुरते

आज आपण आरएफसी ३९४५ वाचतोय. ऑक्टोबर २००४ मधला हा दस्तऐवज म्हणजे जीएमपीएलएसचा, अर्थात व्यापक केलेल्या लेबल स्विचिंगचा आराखडा. प्रश्न साधा ठेवूया: पॅकेटची पद्धत प्रकाशाला लावताना प्रकाशाचा स्वभाव ध्यानात घेतला गेला का?

आधी श्रेय देऊ. एमपीएलएसमध्ये लेबल म्हणजे पॅकेटवर लावलेली चिठ्ठी. राउटर ती वाचतो, बदलतो, पॅकेट पुढे पाठवतो. प्रकाशाला चिठ्ठी कुठे लावणार? तरंगलांबी वळवणारा ऑप्टिकल स्विच आतले बिट वाचतच नाही. मग इथे टाइमस्लॉट, तरंगलांबी किंवा अख्खा फायबर, यांनाच लेबल मानलं गेलं. पॅकेटपासून फायबरपर्यंत मार्ग मागायची भाषा एकच झाली. शिवाय नियंत्रणाचे संदेश वेगळ्या वाटेनं जाऊ शकतात. ती वाट तुटली म्हणून चालू प्रकाशमार्ग मोडायचा नाही, हा विवेकही आहे. हे काम मोठंच.

मग दुखणं कुठे? जानेवारी २००३ च्या आरएफसी ३४७१ मध्ये. त्यानुसार तरंगलांबीच्या लेबलचा आकडा फक्त दोन शेजारी नोडांपुरता अर्थपूर्ण. पॅकेटला हे चालतं, कारण तिथे लेबल दर टप्प्यावर बदलतंच. तरंगलांबीचं तसं नाही. वाटेत रूपांतराची सोय नसेल, तर निघताना जी तरंगलांबी तीच पोचतानाही हवी. आता एका दुव्यावर '७' म्हणजे एक तरंगलांबी आणि पुढच्या दुव्यावर '७' म्हणजे दुसरीच, असं असेल तर?

कुणी म्हणेल, 'लेबल सेट' आहे ना! आहे. चालतील अशा लेबलांची यादी नोड पुढच्याला देतो. पण त्या यादीचंही दर टप्प्यावर भाषांतर करावं लागतं. आणि अख्खा मार्ग आधीच एका ठिकाणी मोजायचा असेल, तर कोणती तरंगलांबी घ्यायची हे मोजणाऱ्यानं सांगायचं कशात?

दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट क्रमांक सारखेच असायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट ८ पासून मोजायला लागले, तेव्हा घोळ मिटला. लेबलांचं असंच झालं, मार्च २०११ मध्ये. आरएफसी ६२०५ नं लेबललाच आयटीयूच्या ग्रिडशी बांधलं: १९३.१ टेराहर्ट्झ अधिक 'एन' गुणिले चॅनलमधलं अंतर. अंतर ५० गिगाहर्ट्झ आणि 'एन' २ असेल तर १९३.२ टेराहर्ट्झ, कुठल्याही नोडवर.

ही दुरुस्ती आराखड्याच्या चौकटीतच बसली, म्हणजे चौकट भक्कम होती. पण आराखड्यानंतर ती यायला सहा वर्षांहून जास्त काळ लागला. आमचं मत असं: व्यापक करताना नाव सर्वांना लागू झालं, पण सवय पॅकेटचीच राहिली. पुढचा कुठलाही 'सर्वसमावेशक' प्रोटोकॉल वाचताना आपण हेच आधी विचारूया, की यात कुणाची सवय सगळ्यांचा नियम म्हणून आली आहे?