खिडकीपाशी उभे राहिलेले मूल

शाळेत मुलाला कोणी चिडवले, खेळात घेतले नाही, डबा खाताना शेजारी बसू दिले नाही, की घरी त्याला बहुधा दोनच उपदेश ऐकावे लागतात: ‘तूही चांगले ऐकव’ किंवा ‘तू लक्षच देऊ नकोस.’ दोन्हींत सारा भार त्या लहानग्याच्याच खांद्यावर पडतो. हा भार मोठ्यांनी कसा उचलावा, याचे उत्तर ज्या मोजक्या पुस्तकांत सापडते, त्यांत ‘तोत्तोचान’चा क्रम फार वरचा आहे.

तेत्सुको कुरोयानागी यांचे हे आत्मकथन 1981 साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठी घरांत पोहोचविले. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी गमतीची शाळा, अशीच त्याची ख्याती आहे. परंतु मूळ जपानी नावात ‘खिडकीकडेची’ असा शब्द आहे. कचेरीत बाजूला सारलेल्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसांसाठी जपानी भाषेत तो रूढ झाला होता. पहिल्या शाळेत आपण तशाच होतो, असे लेखिका सांगतात. इयत्ता पहिलीतच त्या शाळेने त्यांना काढून टाकले, आणि आईने ही गोष्ट त्यांना वीस वर्षांच्या होईपर्यंत कळू दिली नाही. म्हणजे पुस्तकाच्या नावातच वगळलेल्या मुलाची व्यथा आहे. गमतीच्या भरात आपण ती वाचायची विसरतो.

तोत्तोचानला पुढे तोक्योतील ‘तोमोए’ शाळेने जवळ केले. सोसाकू कोबायाशी यांनी ती 1937 साली सुरू केली. तेथे जेमतेम पन्नास मुले होती. त्यांत पोलिओ झालेला यासुआकी होता आणि शरीराची वाढ खुंटलेला ताकाहाशी होता. अन्यत्र ही मुले चेष्टेचा विषय झाली असती. येथे तसे घडले नाही, याचे मर्म शेपटीच्या प्रकरणात आहे.

माणसाला पूर्वी शेपटी होती, असे सांगता सांगता वर्गशिक्षिका सहज थट्टेने ताकाहाशीला विचारतात, तुला अजून आहे का? तो गंभीरपणे ‘नाही’ म्हणतो. त्या प्रश्नात दुष्टावा तिळमात्रही नव्हता. तरीही मुख्याध्यापक संतापतात. या मुलाच्या मनात न्यूनगंडाचा अंकुरही फुटू नये म्हणून ते जिवाचे रान करीत होते, आणि एका विनोदाने त्यावर पाणी पडण्याची वेळ आली होती. मात्र बाईंची ही कानउघाडणी ते शिक्षकांच्या खोलीत, सर्वांदेखत करीत नाहीत. स्वतःच्या घरातील स्वयंपाकघरात करतात. तोत्तोचानच्या कानांवर ती योगायोगाने पडते.

माझ्या मते हे या पुस्तकाचे शिखर आहे. येथे दोन गोष्टी उमगतात. चिडवण्याचे बीज पुष्कळदा मोठ्यांच्याच निष्पाप वाटणाऱ्या थट्टेत असते. ‘आमचा ठेंगू’, ‘आमची काळी’ ही नावे अनेक मुलांना घरातच पडतात आणि दप्तराबरोबर शाळेत जातात. दुसरी गोष्ट अशी, की ज्याच्या हातून अपमान घडला त्याचाही चारचौघांत अपमान करायचा नसतो. आपल्याकडे दांडगाई करणाऱ्या मुलाला प्रार्थनेच्या रांगेपुढे उभे करतात. त्यातून इतर मुले लाजविण्याची कलाच शिकतात.

क्रीडादिनाचे प्रकरण याच सूत्राचे दुसरे टोक आहे. कापडी माशाच्या पोटातून रांगत जाणे, बुटक्या पायऱ्या एकेक करून चढणे आणि उतरणे, अशा तेथील शर्यती. आखूड हातापायांचा ताकाहाशी प्रत्येक शर्यतीत पहिला येतो. बक्षीस म्हणून भाजी मिळते. या शर्यती मुद्दाम त्याच्यासाठी योजल्या असाव्यात, असे लेखिकेला मोठेपणी वाटते. कोबायाशींनी समतेवर प्रवचन दिले नाही. त्यांनी शर्यतच बदलली. तोत्तोचान यासुआकीला आपल्या मालकीच्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते आणि घामाघूम होऊन त्याला वर चढविते, तेव्हा गुरूंची रीत शिष्येत उतरल्याचे दिसते. तेथे कीव नाही; आमंत्रण आहे.

तथापि पुस्तकाची एक मर्यादा नजरेआड करता येत नाही. शेजारचा मासाओ हा कोरियन मुलगा तोत्तोचानला ‘कोरियन!’ असे शिवीसारखे ओरडून हिणवतो. लोक त्याला ज्या शब्दाने हिणवतात, तोच तो दुसऱ्यावर फेकत आहे, हे तिची आई ओलावल्या डोळ्यांनी समजावते. दांडगाई करणारे मूल बहुधा आधी स्वतः दुखावलेले असते, हे सत्य इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. पण त्याची हकीकत एका प्रकरणात आटोपून लेखिका पुढे जातात. तोमोएतील मुलांना कोबायाशी लाभले. फाटकाबाहेरच्या मासाओला कोण लाभले, हा प्रश्न वाचकाच्या मनात ठसठसत राहतो.

पन्नास मुलांत जे साधले ते आमच्या साठ-साठ मुलांच्या वर्गांत कसे साधावे, असे शिक्षक विचारतील. शंका रास्त आहे. परंतु खेळाचे दोन संघ मुलांनी निवडू नयेत, शिक्षकांनी पाडावेत. डब्याच्या वेळी जागा दर आठवड्याला बदलाव्यात. तक्रार घेऊन आलेल्या मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे, यासाठी आगगाडीचे डबे लागत नाहीत. तोमोएचे डबे 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. स्वयंपाकघरातले ते बोलणे मात्र पुस्तकात शाबूत आहे. मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. पण आधी आईवडिलांनी ते वाचावे.