स्मारक नाणे कसे वाचावे? जालियनवाला बाग आणि होलोकॉस्ट

प्रस्तावना
नाणे हे सर्वात छोटे सरकारी स्मारक असते. संहाराची आठवण चांदीत घडवली, की तीन प्रश्न विचारावेत : चित्र कोणाचे आहे? कोण वगळले आहे? आणि नाणे कोणाच्या हाती पोचते?

पोलंडचे उदाहरण
पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने 2009 मध्ये 20 झ्लॉटींचे चांदीचे नाणे काढले. त्यावर इरेना सेंडलर, झोफिया कोसाक आणि माटिल्डा गेटर या तिघी आहेत. सेंडलर यांनी वॉर्सॉच्या घेट्टोतून ज्यू मुलांना बाहेर काढण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यांचा गौरव योग्यच आहे. पण मालिकेचे नावच 'ज्यूंना वाचवणारे पोलिश' असे आहे. म्हणजे वाचवणाऱ्यांना चेहरा मिळाला, आणि मारले गेले ते पार्श्वभूमीला गेले. स्मरण करता करता राष्ट्र स्वतःचीही प्रतिमा घडवते. मात्र याच विषयावर 2 झ्लॉटींचे साधे नाणेही निघाले, ते दर्शनी किमतीला मिळत होते. चांदी ज्यांना परवडत नाही, त्यांच्या खिशातही ही आठवण पोचू शकली.

आपल्याकडचे उदाहरण
13 एप्रिल 2019 रोजी जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीनिमित्त 100 रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. अशा नाण्याचे वजन 35 ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, 40 टक्के तांबे, उरलेले निकेल आणि जस्त. एका बाजूला अशोकस्तंभ, दुसऱ्या बाजूला बागेतले स्मारक. ते स्मारक 1961 मध्ये उभे राहिले. म्हणजे नाण्यावर 1919 ची घटना नाही, तर तिच्यावर नंतर बांधलेली वास्तू आहे, स्मारकाचे स्मारक. गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत आणि लोकांनी उड्या घेतलेली विहीर यांपेक्षा ज्योतीच्या आकाराचा स्तंभ पाहायला सोपा असतो. 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या. हंटर समितीने मृतांचा आकडा 379 धरला, काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात नेला. या वादाला 44 मिलिमीटरच्या चकतीत जागा नाही.

समीक्षा
चित्राचा संयम हा दोष नव्हे. मृतदेह कोरणे हा अपमानच ठरला असता. दोष आहे तो पोच कमी असण्यात. हे नाणे व्यवहारात येत नाही. टांकसाळ ते दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकते, आणि ते संग्राहकाच्या कपाटात राहते. रुआबांध्यातल्या किराणा दुकानात जे एक-दोन रुपयांचे नाणे फिरते, ते स्टेनलेस स्टीलचे असते. पोलादावर जगणाऱ्या या गावात धातूचा मान चांदीवरून ठरत नाही, तो कामाला येतो की नाही यावरून ठरतो. आठवणीलाही हाच न्याय लावायला हवा.

निष्कर्ष
चांदीचे स्मारक नाणे शोकाला प्रतिष्ठा देते, पण त्याच वेळी त्याला दुर्मीळ वस्तूही करून टाकते. दर वेळी जोडीला साधे, चलनातले नाणे निघाले, तरच ते सर्वांचे स्मारक होईल.

स्वाध्याय
1. जालियनवाला बागेच्या नाण्यासाठी स्मारकाऐवजी कोणते चित्र निवडाल? कारणे द्या.
2. वाचवणारे दाखवावेत की बळी? पोलंडच्या नाण्याच्या आधारे चर्चा करा.